मोठ्या शाळेविषयी विद्यार्थी आणि पालक काय सांगतात?

आपल्या निवासी शाळेत सातवीपर्यंतचे वर्ग आहेत. त्यामुळे दरवर्षी वार्षिक परीक्षा आटोपली की सातवीच्या मुलामुलींचे पालक आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. आठवीला मुलाला तालुक्याच्या किंवा शहराच्या मोठ्या सार्वजनिक शाळेत घालावे की नाही, आणि त्या शाळेविषयी लोकांचे मत काय आहे? प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या उत्तरावर मुलाची पुढची तीन वर्षे आणि पुष्कळदा त्याचे सारे आयुष्य अवलंबून असते. आपल्या शाळेतील बहुसंख्य मुले त्यांच्या घराण्यात प्रथमच माध्यमिक शाळेची पायरी चढत आहेत. शाळेची निवड चुकली तर ती सावरून घेण्यासाठी लागणारा पैसा, ओळख आणि वेळ यांपैकी काहीच त्यांच्या घरी शिल्लक नसते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही शिक्षकांनी या विषयाची थोडी सविस्तर मांडणी करण्याचे योजिले आहे. अमुक शाळा चांगली, तमुक वाईट, असा निवाडा देण्याचा आमचा हेतू नाही. मोठ्या शाळेविषयी विद्यार्थी काय बोलतात, पालक काय बोलतात, त्या दोहोंत अंतर का पडते, आणि ऐकलेल्या मताचे वजन कसे करावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

मोठी सार्वजनिक शाळा म्हणजे कोणती?

शासनाने, जिल्हा परिषदेने, नगरपालिकेने किंवा महानगरपालिकेने चालविलेली, अथवा एखाद्या संस्थेने शासकीय अनुदानावर चालविलेली आणि गावातील कोणत्याही मुलास खुली असलेली शाळा, असा अर्थ आम्ही येथे घेतो. अशा शाळेत एकेका इयत्तेच्या अ, ब, क, ड अशा चार-पाच तुकड्या असतात. इमारत अपुरी पडते म्हणून सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्या भरतात. मुख्याध्यापकांच्या हाताखाली उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक असतात. प्रत्येक विषयाला निराळे शिक्षक येतात. पाचवी ते दहावी एकाच आवारात असल्यास विद्यार्थ्यांची संख्या सहज दीड-दोन हजारांवर जाते.

आपल्या येथे मात्र स्वयंपाकघरातील मावशींपासून गृहपालांपर्यंत सर्वांना प्रत्येक मुलाचे नाव ठाऊक असते. येथून तेथे जाणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी हा बदल म्हणजे एका जगातून दुसऱ्या जगात जाणे होय. त्याने तेथे गेल्यावर काय पाहिले, हे तोच सांगू शकतो. म्हणून प्रथम विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकू.

विद्यार्थी काय सांगतात?

आपले माजी विद्यार्थी सुट्टीत भेटावयास येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. त्यांतील आनंदाच्या गोष्टी प्रथम सांगू. मोठ्या शाळेत खरी प्रयोगशाळा असते. लिटमस कागद लाल झालेला तेथे डोळ्यांनी दिसतो. विज्ञान शिकविणारे शिक्षक विज्ञानाचेच पदवीधर असतात, गणिताचे गणिताचे असतात. मैदान मोठे असते, कबड्डी आणि खो-खोचे संघ जिल्ह्यापर्यंत जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निरनिराळ्या गावांची, जातींची, धर्मांची, व्यवसायांची मुले एका बाकावर येतात. आपल्या गावाच्या वेशीबाहेरचे जग प्रथम तेथेच भेटते.

आता दुसरी बाजू. मुले सांगतात की पहिले काही महिने त्यांना कोणी नावाने हाक मारली नाही, हजेरी क्रमांकानेच ओळखले. एका तुकडीत साठ-सत्तर मुले असली की मागच्या बाकावरच्या मुलाची वही तपासली जात नाही. शंका विचारायची तर तास संपलेला असतो आणि सर पुढच्या तुकडीवर गेलेले असतात. मुलींची तक्रार बहुधा स्वच्छतागृहाविषयी असते. पाणी नसते किंवा दाराला कडी नसते, म्हणून त्या दिवसभर पाणी पिणेच टाळतात. आणखी एक तक्रार अशी की शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना भर वर्गात नावे पुकारून त्या मुलांना उभे केले जाते. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती मिळणे ही वास्तविक अभिमानाची गोष्ट, पण ज्या सुरात नाव पुकारले जाते त्या सुरामुळे मुलगी पुढच्या वर्षी अर्जच नको म्हणते. अशी गोष्ट शाळेच्या कोणत्याही अहवालात नोंदली जात नाही. ती फक्त मुलांकडूनच कळते.

मोठ्या शाळेत मूल हरवते, हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या संशोधकांनी लहान-मोठ्या माध्यमिक शाळांचा अभ्यास करून १९६४ साली 'बिग स्कूल, स्मॉल स्कूल' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या अभ्यासातील सर्वांत लहान शाळेत जेमतेम काही डझन विद्यार्थी होते, तर सर्वांत मोठ्या शाळेत दोन हजारांहून अधिक. मोठ्या शाळेत उपक्रम अधिक असतात, हे त्यांनाही आढळले. परंतु विद्यार्थ्यांची संख्या उपक्रमांच्या मानाने कितीतरी पटींनी अधिक असते. नाटक एक बसवायचे, तर त्यासाठी पात्रे दहाच लागतात, मग शाळेत मुले शंभर असोत की दोन हजार. त्यामुळे लहान शाळेतील मुलाच्या वाट्याला जबाबदारीची कामे अधिक येतात आणि मोठ्या शाळेतील पुष्कळ मुले प्रेक्षक होऊन राहतात. अभ्यासात मागे असलेल्या मुलाला लहान शाळेतही कोणीतरी ओढून कामाला लावतो, कारण माणसेच कमी असतात. मोठ्या शाळेत त्याच्यावाचून कोणाचे अडत नाही.

हा निष्कर्ष आपल्या मुलांसाठी फार मोलाचा आहे. मोठी शाळा स्वभावतः वाईट नसते. ती पुढे येणाऱ्याला पुष्कळ देते, परंतु जो आपण होऊन पुढे येत नाही त्याला शोधत बसत नाही. म्हणून विद्यार्थ्याचे मत ऐकताना तो कोणत्या बाकावरून बोलतो आहे, हे आधी पाहिले पाहिजे. पहिल्या पाचांत येणारा मुलगा आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा एकाच वर्गाविषयी दोन निराळी मते देतील आणि दोन्ही खरी असतील.

पालक काय सांगतात?

पालकांच्या बोलण्यात निराळ्याच गोष्टी प्रथम येतात. दहावीचा निकाल किती टक्के लागतो, शिस्त कशी आहे, शाळा एस.टी. स्टँडपासून किती लांब आहे, गणवेश आणि वह्यांचा खर्च किती येतो, शिकवणी लावावी लागते काय, आणि मुलगी सुखरूप घरी येते ना, या त्यांच्या चिंता असतात. त्या योग्यच आहेत. रोजंदारी बुडवून शाळेत चक्कर मारणाऱ्या बापाला पहिला हिशोब खर्चाचाच करावा लागतो.

पालकांची सर्वांत मोठी तक्रार मात्र शिकवण्याविषयी नसते, ती वागणुकीविषयी असते. कार्यालयाच्या खिडकीशी तासभर उभे राहावे लागते. दाखल्यावर जन्मतारीख किंवा जात चुकीची पडली तर ती दुरुस्त करण्यासाठी चार खेपा घालाव्या लागतात. पालकसभेत गुण कमी पडल्याबद्दल सर्वांदेखत बोलणी ऐकावी लागतात, म्हणून पुढच्या सभेला आई जातच नाही. मग शाळा म्हणते, पालकांना रस नाही, आणि पालक म्हणतात, तेथे आम्हांला कोण विचारतो. अशा रीतीने दोघांचेही मत वर्षानुवर्षे पक्के होत जाते आणि त्यात नुकसान मुलाचे होते.

पालकांचे मत आणि मुलाचे मत यांत अंतर पडण्याचे कारण असे की पालक शाळेला बाहेरून पाहतात आणि मूल आतून. बाहेरून शाळेची कीर्ती दिसते, आतून शाळेचा दिवस दिसतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे.

एल्फिन्स्टन हायस्कूलचे उदाहरण

सुभेदार रामजी सकपाळ यांनी सैन्यातील शाळेत अध्यापन केले होते. शाळेची पारख करण्याची दृष्टी त्यांना होती. मुंबईत आल्यावर परळच्या डबक चाळीतील एका खोलीत संसार थाटून त्यांनी भीमरावांना आधी मराठा हायस्कूलमध्ये आणि नंतर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. एल्फिन्स्टन ही मुंबईतील नामांकित सरकारी शाळा होती. पालक म्हणून रामजींचा निर्णय अचूक होता. पुस्तकांसाठी मुलीचा दागिना गहाण ठेवण्याचीही त्यांची तयारी होती, हे सर्वश्रुत आहे. १९०७ साली भीमराव तेथूनच मॅट्रिक झाले आणि पुढील उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली.

परंतु त्याच शाळेत विद्यार्थी म्हणून त्यांनी काय पाहिले? एकदा शिक्षकांनी गणित सोडविण्यासाठी त्यांना फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे मुलांनी आपले जेवणाचे डबे ठेवलेले होते. त्यांचा स्पर्श होण्याआधी डबे हलविण्यासाठी मुले धावली. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर निराळे बसावे लागत असे. मुंबईच्या सरकारी शाळेत बसण्याची ती रीत मागे पडली, तरी अस्पृश्यता फळ्यामागे डब्यांच्या रूपाने उभीच होती.

आता कोणी विचारील, एल्फिन्स्टन हायस्कूल चांगले होते की वाईट? या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. शाळेने जी विद्या दिली ती खरी आणि शाळेने जो अपमान होऊ दिला तोही खरा. केवळ पित्याचे मत ऐकले असते तर अपमान दिसला नसता. केवळ वर्गातील त्या क्षणाचे मत धरून मुलाला घरी बसविले असते तर विद्येचे दार बंद झाले असते. दोन्ही मते एकत्र ठेवूनच शाळेचे खरे चित्र उभे राहते, आणि त्या चित्रावरूनच काय टिकवावे आणि काय बदलावे, हे ठरते.

निकालाच्या टक्क्यांमागे काय असते?

मत बनविताना पालक ज्या आकड्याचा सर्वाधिक आधार घेतात तो दहावीच्या निकालाचा. त्याविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. निकालाची टक्केवारी ही परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांवर काढली जाते. आठवीत किती मुले दाखल झाली होती, हे त्यात दिसत नाही. समजा आठवीत दोनशे मुले होती, दहावीच्या परीक्षेस शाळेकडून दीडशेच बसली आणि ती सर्व उत्तीर्ण झाली, तर फलकावर शंभर टक्के निकाल झळकेल. उरलेली पन्नास मुले कोठे गेली, हे फलक सांगत नाही. त्यांतील काहींनी शाळा बदलली असेल, काहींचे आईवडील ऊसतोडीला गेले असतील, काही मुलींची लग्ने झाली असतील. नववीत कच्च्या राहिलेल्या मुलाला बाहेरून परीक्षा देण्यासाठी सतरा नंबरचा अर्ज भरण्यास सुचविले गेले, अशी तक्रारही पालकांकडून ऐकू येते. म्हणून निकाल विचारताना दुसरा प्रश्नही विचारावा : तीन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती? आपले मूल वर्गात पहिले येणार असेल तर पहिला आकडा पुरेल. आपले मूल मध्यम असेल तर दुसरा आकडाच त्याच्या भवितव्याविषयी अधिक सांगेल.

शाळेची पटसंख्या, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे यांची माहिती शासनाच्या युडायस प्लस या संकलनात दरवर्षी भरली जाते. प्रत्येक शाळेला अकरा अंकी सांकेतांक असतो आणि त्यावरून ती माहिती संगणकावर पाहता येते. ज्यांच्याकडे साधन नाही त्यांना ती काढून देण्याची व्यवस्था आपल्या शाळेच्या कार्यालयात आहे. नोंदीत स्वच्छतागृह आहे, असे लिहिलेले असले तरी त्यात पाणी आहे की नाही, हे तेथे शिकणारी मुलगीच सांगेल. आकडा आणि मत हे एकमेकांचे साक्षीदार आहेत, एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

ऐकीव मत आणि अनुभवाचे मत

अमेरिकेत १९६९ पासून फाय डेल्टा कॅपा ही शिक्षकांची संघटना सार्वजनिक शाळांविषयी जनमताची चाचणी घेत आली आहे. त्यांत वर्षानुवर्षे एक गोष्ट आढळली. देशातील एकूण सार्वजनिक शाळांना लोक कमी गुण देतात, परंतु आपले मूल ज्या शाळेत जाते तिला त्याच पालकांकडून बरेच अधिक गुण मिळतात. याचा अर्थ उघड आहे. दूरच्या शाळांविषयीचे मत ऐकीव गोष्टींवर आणि बातम्यांवर बनते, जवळच्या शाळेविषयीचे मत अनुभवावर बनते. आपल्याकडेही सरकारी शाळेत काही शिकवीत नाहीत, असे ठामपणे सांगणाऱ्या गृहस्थास त्या शाळेत आपले कोण शिकते, असे विचारले की पुष्कळदा उत्तर मिळत नाही. म्हणून मत देणाऱ्यास आम्ही प्रथम एवढेच विचारतो : हे तुम्ही पाहिले, की ऐकले?

मत कोणत्या परिस्थितीत मागितले, यालाही महत्त्व आहे. मुख्याध्यापकांसमोर उभे करून मुलाला विचारले तर तो सर्व काही छान असल्याचे सांगेल. न्यूयॉर्क शहरात २००७ पासून सार्वजनिक शाळांचे पालक, शिक्षक आणि सहावी व त्यापुढील इयत्तांचे विद्यार्थी यांच्याकडून दरवर्षी प्रश्नावली भरून घेतली जाते. उत्तर देणाऱ्याचे नाव शाळेला कळत नाही आणि प्रत्येक शाळेचा एकत्रित निष्कर्ष मात्र जाहीर होतो. नाव गुप्त आणि निष्कर्ष उघड, ही रीत घेण्यासारखी आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक कागद, पाच प्रश्न आणि कुलूप लावलेली पेटी एवढ्यावर कोणत्याही शाळेला आरंभ करता येतो. महाराष्ट्रातील शाळांनी तक्रारपेटी लावावी, असे शासनाचे निर्देश आहेतच. ती पेटी कोण उघडतो, किती दिवसांनी उघडतो आणि त्यानंतर काय होते, हे विचारण्याचा अधिकार पालकांना आहे.

मत मांडण्याची आपली परंपरा

शाळेविषयी आपण काय बोलणार, असे आपल्यातील काही पालक संकोचाने म्हणतात. त्यांना आम्ही इतिहासाची आठवण करून देऊ इच्छितो. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. शिकणाऱ्या मुलीने आपल्या समाजाची स्थिती स्वतःच्या शब्दांत जगापुढे मांडली, आणि ती मांडणी आज पावणेदोनशे वर्षांच्या जवळ आली तरी वाचली जाते.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. ते कोणी सरकारी अधिकारी नव्हते. व्यापारी, शेतकरी आणि शाळा चालविलेला नागरिक या नात्याने त्यांनी सरकारी शाळांची परखड समीक्षा केली. शेतकऱ्यांनी भरलेल्या महसुलातून उच्चवर्गीयांच्या शिक्षणावर अधिक खर्च होतो आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होते, हे त्यांनी दाखवून दिले. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे असावे आणि प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, अशा नेमक्या सूचना त्यांनी केल्या. तक्रार केली, कारण सांगितले आणि उपायही सुचविला. सार्वजनिक शाळेविषयी मत कसे द्यावे, याचा हा वस्तुपाठ आहे.

कायद्याने दिलेली जागा

आज मत मांडण्यासाठी निवेदन लिहून आयोगाची वाट पाहावी लागत नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार अधिनियमाने, म्हणजेच २००९ च्या कायद्याने, पालकांना शाळेत जागा दिली आहे. या कायद्यानुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. दुर्बल आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. शासकीय आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवते. खासगी अनुदानित शाळांत तिचे काम सल्ला देण्यापुरते आहे, हा फरक पालकांनी ध्यानात ठेवावा.

याच कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली आहे. शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगावी, हे त्यांचे कर्तव्य ठरविले आहे. वंचित घटकांतील मुलांशी भेदभाव होऊ नये, ही जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. म्हणजे पालकसभेला जाणे ही शाळेची मेहेरबानी नव्हे. आणि सभेत अपमान होत असेल तर तसे सांगणे हा उद्धटपणा नव्हे. तक्रार लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि उत्तर न मिळाल्यास स्थानिक प्राधिकरणाकडे व त्यापुढे राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जावे. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक त्यालाही फिरविता येतो.

मात्र हे संरक्षण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आणि आठवीपर्यंत आहे. नववीत पाऊल टाकताच शालेय पोषण आहार थांबतो, मोफत पाठ्यपुस्तकांची हमी राहत नाही आणि अभ्यास एकाएकी अवघड होतो. मुले शाळा सोडतात ती पुष्कळदा याच टप्प्यावर. आपल्या शाळेतून गेलेली काही मुले नववीच्या दिवाळीनंतर पुन्हा शाळेत गेली नाहीत. त्यांतील कोणीही अभ्यास नकोसा झाला, असे सांगितले नाही. कोणी सांगितले की सर्वांसमोर हसू झाले, कोणी सांगितले की इंग्रजी कळेना आणि विचारायला कोणी नव्हते, कोणी सांगितले की दोन आठवडे आजारी होतो तरी कोणी चौकशी केली नाही. ही मते वेळेवर ऐकली गेली असती तर मुले वर्गात राहिली असती, असे आम्हांस वाटते.

काय विचारावे?

म्हणून मोठ्या शाळेत प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी पुढील चौकशी अवश्य करावी. त्या शाळेत सध्या आठवी-नववीत असलेल्या निदान तीन मुलांशी बोलावे. त्यांत एक हुशार, एक मध्यम आणि एक मुलगी असावी. मुलाला 'शाळा कशी आहे?' असे विचारल्यास 'चांगली आहे' एवढेच उत्तर येते. त्याऐवजी काल गणिताच्या तासाला काय झाले, शेवटची शंका कधी विचारली, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतोस, आजारी पडल्यावर कोणी विचारले, वर्गशिक्षकांना तुझे पूर्ण नाव ठाऊक आहे काय, असे विचारावे. पालकांपैकी एक असा शोधावा की ज्याने शाळेकडे तक्रार केली होती, आणि पुढे काय झाले ते त्याला विचारावे. तक्रारी नसलेली शाळा सहसा आढळत नाही. तक्रारीनंतर शाळा कशी वागते, यावरून तिची पारख होते.

प्रवेश घेतल्यावर पहिले तीन महिने मुलाचे बोलणे विशेष लक्षपूर्वक ऐकावे. मूल शाळेविषयी तक्रार करते तोवर फारशी चिंता नाही. ते शाळेविषयी बोलणेच थांबविते, तेव्हा शाळेत जाऊन यावे. त्याला एखाद्या संघात, वाचनालयात, बालनाट्यात, स्काउटमध्ये किंवा कवायतीत, कोठेतरी नाव नोंदविण्यास लावावे, म्हणजे दोन हजारांच्या गर्दीत निदान वीस जणांना ते ठाऊक होईल. मोठ्या शाळेतही एक लहान शाळा शोधावी लागते. ती सापडली की मूल टिकते.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना या स्मरणिकेद्वारे आमची एक विनंती आहे. आपण ज्या मोठ्या शाळांतून शिकलात किंवा आज शिकत आहात, तेथील आपला अनुभव आम्हांस लिहून कळवा. चांगले लिहा, कटू असेल तर तेही लिहा, मात्र पाहिलेले तेवढेच लिहा. नाव देण्याची आवश्यकता नाही. शाळा, इयत्ता आणि वर्ष पुरे. शाळेच्या कार्यालयात त्यासाठी एक वही ठेवली आहे आणि सातवीच्या पालकांना ती वाचता येते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आम्ही वाचून दाखवितो. येत्या जूनमध्ये या शाळेची मुले ज्या फाटकातून आत जातील, त्या फाटकाच्या आत काय आहे हे त्यांच्या आईवडिलांना आधी कळावे, एवढीच आमची इच्छा आहे. आणि ती मुले तेथे गेल्यावर त्यांचेही म्हणणे त्या वहीत यावे, म्हणजे पुढच्या मुलाची वाट थोडी उजळेल.